कमरेची कळ आणि सुईचा उपचार



कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या नार्नूरच्या आयाबहिणींना पाठदुखी म्हणजे काय हे मी सांगायला नको. अलीकडे "शस्त्रक्रियेवाचून, नुसत्या सुईने दुखणे जाते" असे ऐकून मंडळी नागपूर-हैदराबादची वाट धरतात. कोणी त्यासाठी बैलजोडी विकायलाही निघतो. मी पेशाने शिक्षक. तेव्हा ही सुई काय करते ते वर्गात सांगावे तसे सांगतो.

मणक्यांच्या मागे जोडीजोडीने लहान सांधे असतात. ते झिजून दुखू लागले की ती वेदना बारीक मज्जातंतूंवाटे वर जाते. प्रथम त्या तंतूपाशी बधिर करणारे औषध टोचतात. काही तास दुखणे थांबले तर चोर सापडला! (कधी सावही पकडला जातो, म्हणून काही डॉक्टर ही चाचणी दोनदा करतात.) मग क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई तेथेच नेतात व रेडिओलहरींनी तिचे टोक सुमारे 80 अंशांपर्यंत, मिनिट-दीड मिनिट तापवतात. तंतू निकामी होतो. पण झिजलेला सांधा तसाच राहतो, आणि तंतूही काही महिन्यांनी पुन्हा वाढतो. त्याबरोबर दुखणेही परतू शकते. गादी सरकून पायात उतरणारी कळ निराळी. तिच्यावर ही तापवलेली सुई चालत नाही.

जाणत्यांतही एकमत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2016 साली, इतर उपायांनी गुण न आलेल्या आणि चाचणीत उतरलेल्या निवडक रुग्णांपुरता तिला वाव ठेवला. पुढच्याच वर्षी हॉलंडमधील 681 रुग्णांच्या तीन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. व्यायामाला सुईची जोड दिल्याने नुसत्या व्यायामाहून म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. 2025 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील मार्गदर्शिकेने तर जुनाट पाठदुखीत ती वापरू नये असाच कौल दिला. ज्याला परवडते त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. बैलजोडी विकून घ्यावा असा हा उपाय मला तरी वाटत नाही. व्यायामाला पैसा पडत नाही, फक्त तो महिनोन्‌महिने करावा लागतो.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. पायांतले बळ गेले किंवा लघवी-शौचाचा ताबा सुटला तर त्याच दिवशी आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.