सेटवरचं घर आणि राहतं घर

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला नेहमी एकच विचारणा होते : "तू मालिकांचे सेट लावतोस, आमच्या हॉलला पण काहीतरी सुचव की." आज सगळेच भेटलात, तर एकदाच सांगून टाकतो.

मी गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत कलाविभागात काम करतो. तुम्ही टीव्हीवर बघता तो वाडा प्लायवूडचा असतो. दगडी भिंत म्हणजे पीओपी आणि रंगाऱ्याचा हात. बहुतेक वेळा भिंती तीनच, चौथीच्या जागी कॅमेरा. वर छत नसतं, तिथं दिवे टांगलेले असतात.

हे सगळं माहीत असूनही मी चूक केली. थोरल्या भावानं बीडला घर बांधलं, तेव्हा मी हौसेनं सेटच उतरवला. गडद मरून भिंत, पीओपीचं छत, कोपऱ्या-कोपऱ्यात दिवे. उन्हाळा लागला आणि खोली तापायला लागली. लाईट गेली की दिवसासुद्धा अंधार. वहिनी म्हणाली, "भावजी, फोटोत लई भारी दिसतंय, पण बसवत नाही हो इथं."

मग शिकण्यासारखं काय आहे? मूळचे दापोलीचे नितीन चंद्रकांत देसाई यांचं काम आठवा. 'लगान'साठी कच्छच्या माळावर त्यांनी मातीच्या घरांचं अख्खं गाव वसवलं. 'देवदास'मध्ये पारोच्या घराला रंगीत काचा लावल्या. माणूस एकच, दोन्ही कामांना राष्ट्रीय पुरस्कार, पण घरं किती वेगळी! कारण कलादिग्दर्शकाचा पहिला प्रश्न असतो : या घरात राहतं कोण? रंग, पडदे, सोफा हे सगळं त्यानंतर.

हा प्रश्न मला माझ्याच घरानं नीट समजावला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. किल्लारीत दगड-मातीच्या जड घरांखाली हजारो माणसं गेली. त्या धास्तीनं आमच्या दादांनी माळवद उतरवलं, आधी पत्रे टाकले, पुढं स्लॅब केला. त्यांचं बरोबरच होतं. पण आई कधीतरी म्हणायची, "घर पक्कं झालं, पण माझं काय राहिलं त्यात?"

काही वर्षांपूर्वी एका मालिकेला मराठवाड्यातलं जुनं घर हवं होतं. मी आठवणीतून कागदावर काढलं : ढेलज, ओसरी, खुंट्या, जात्याची जागा, चुलीजवळची देवळी. एपिसोड लागला त्या रात्री आईचा फोन आला. "आरं, घर आपलंच केलंस. पण देवळी डाव्या हाताला कशी? आपली उजवीकडं होती."

मला रात्रभर झोप लागली नाही. मुंबईत परक्यांसाठी मी तिचं घर उभं केलं होतं आणि ती लिंबागणेशला कोऱ्या भिंतीसमोर बसून ते बघत होती.

त्या दिवाळीला गावी आलो. जुन्या चौकटीचं लाकूड गोठ्यात पडलं होतं. ते तासून, तेलपाणी करून देवळीची चौकट केली आणि स्वयंपाकघरात भिंतीवर बसवली, उजव्या हाताला. खर्च खिळे आणि तेलाचा. आई रोज संध्याकाळी तिथं दिवा लावते.

म्हणून माझा सल्ला एवढाच. मालिकेतलं घर जरूर बघा, पण आपल्या घरात उतरवताना आधी खिडकीचा उजेड आणि वारा बघा. एखादी भिंत मोकळी सोडा. भंगारात निघालेली जुनी वस्तू एकदा हातात घेऊन बघा. आणि रंग ठरवायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुमचं काय राहिलंय इथं?"

गुरुजी, वर्गाच्या भिंतीवर चित्रं काढली म्हणून तुम्ही मला छड्या दिल्या होत्या. आज त्याच भिंती रंगवायला बोलावलंत तर मी फुकट येईन.