तळ्याकाठची शिरगणती

(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी सभेत सरल्या पन्नास वर्षांची मोजदाद होणे स्वाभाविकच आहे. मी आपणांस एका निराळ्या मोजणीचे निमंत्रण देण्यास उभा आहे. या कोपर्निकस मार्गापासून थोड्याच अंतरावर, पुराना किल्ल्यालगत, प्राणिसंग्रहालय आहे. ते १९५९ साली उघडले, आणि पुढच्याच वर्षी, कोणी न बोलावता, रानातल्या चित्रबलाकांनी तेथील तळ्यांतील झाडांवर घरटी बांधली. यमुनाकाठी ओखल्याच्या पाणथळीत थंडीत चक्रवाक आणि बदके उतरतात. काठच्या चिखलात शेकाटे, तुतवार, टिलवे चरतात.

ही पाखरे मोजावयाची कशासाठी? पाणी फार चढले किंवा काठ बुजवले गेले, की आखूड पायांच्या टिलव्याला चरावयास जागा उरत नाही. बदके मात्र तरंगतच असतात, आणि वरवर पाहणाऱ्यास तळे भरलेलेच वाटते. काय हरपले हे सांगते ती वर्षानुवर्षे राखलेली वही.

आशियातील अनेक देशांत १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. कारण त्या सुमारास बहुतेक पाहुणे पक्षी मुक्कामी स्थिरावलेले असतात. रीत साधी आहे. दरवर्षी तोच काठ, तीच वेळ. थव्यातील दहा पक्षी मोजून तेवढे किती गट भरतात ते पाहावे. ओळख पटली नाही तर तसेच लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. काहीच दिसले नाही तर शून्य लिहावे. तेही मोलाचे असते.

गणनेने संख्या कळते. पक्षी कोठला, हे कळते त्याच्या पायातील वलयावरून. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली क्यासनूर अरण्यातील ताप उद्भवला. त्याचा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी नात्याचा निघाला, आणि संशय स्थलांतरी पक्ष्यांवर गेला. त्यातूनच १९५९ पासून, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली वलये घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. वलयावर क्रमांक आणि मुंबईस कळवावे अशी विनंती कोरलेली असे. भरतपूरला वलय घातलेल्या बदकांच्या वार्ता सोव्हिएत संघातून आल्या.

धातूचे बारीक वलय वाचण्यास पक्षी बहुधा हातीच यावा लागे. आता पायात रंगीत पताका किंवा गळ्यात अक्षरांचा पट्टा असतो. तो दुर्बिणीतून वाचता येतो. मंगोलियात पट्टा बांधलेले पट्टकादंब कर्नाटकातील तलावांवर असेच ओळखले गेले. असा पक्षी दिसल्यास रंग, अक्षरे, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, स्थळ आणि तारीख टिपून सोसायटीस कळवावे. कोणी वाचले नाही, तर त्या पक्ष्याचा हजारो मैलांचा प्रवास मुकाच राहतो.

आपल्यापैकी कित्येकांची मुले याच शहरात जन्मली. गावची नदी त्यांना सुटीपुरतीच ठाऊक. पण ही यमुना, ही तळी त्यांचीच आहेत. तेव्हा मंडळाने एक वही घालावी. येत्या जानेवारीतील एका रविवारी सकाळी चार-पाच कुटुंबांनी एक काठ निवडावा, वडीलधाऱ्यांनी नावे सांगावीत आणि आकडे मुलांनी लिहावेत. पुढच्या जानेवारीत तोच काठ, तीच वही. अमृतमहोत्सवी सभेत ती कोणी वाचून दाखविली, तर या तळ्यांचे काय झाले हे तिच्यावरून कळेल.