परतून येणारे पंख
(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



अग्निबाण एकदा वापरावा आणि समुद्रात सोडून द्यावा, ही रीत अनेक दशके चालली. मुंबईहून पुणे गाठावे आणि तेथेच आगगाडी मोडीत काढावी, असा हा व्यवहार! या रीतीला आव्हान देणारा एक प्रयोग खासगी उद्योगाने केला. त्याची कथा आज सांगायची आहे.

एक्स प्राइज या स्पर्धेची अट कठोर होती. तीन माणसांना पुरेल असे यान १०० किलोमीटर उंचीवर न्यायचे आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान पुन्हा तेथवर न्यायचे. पारितोषिक एक कोटी डॉलर. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात बर्ट रुटान यांच्या स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीने, पॉल ॲलन यांच्या अर्थबळावर, 'स्पेसशिपवन' उभारले. २९ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर २००४ च्या दोन उड्डाणांनी पारितोषिक जिंकले. दुसऱ्या उड्डाणात ब्रायन बिनी ११२ किलोमीटरवर पोहोचले आणि एक्स-१५ विमानाचा १९६३ चा उंचीचा विक्रम मागे पडला.

वाहक विमान हे यान सुमारे १४ किलोमीटरवर नेऊन सोडी. मग कृत्रिम रबर आणि नायट्रस ऑक्साइड यांच्या ज्वलनावर ते वर झेपावे. परतताना शेपटीकडील भाग उभा वळे आणि यान बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे आपोआप सावरत, वेग कमी करीत खाली येई. कल्पना किती साधी, किती सुंदर!

परंतु याच युक्तीने पुढे घात केला. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी 'स्पेसशिपटू'च्या चाचणीत सहवैमानिकाने शेपटीची कळ वेळेआधी उघडली. यान हवेतच फुटले आणि सहवैमानिक मायकेल अल्सबरी मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष केवळ त्या हातावर ठेवला नाही. एका माणसाची एक चूक सर्वनाश करू शकते, याचा विचार रचनेतच झाला नव्हता, असा तो निष्कर्ष होता. तारणारे साधनही अवेळी मारक ठरते, हे यातून शिकावे.

व्हर्जिन गॅलेक्टिकने त्यानंतरही काम सोडले नाही. ११ जुलै २०२१ च्या उड्डाणात आंध्रात जन्मलेल्या शिरीषा बांदला होत्या. २०२३ मध्ये व्यावसायिक उड्डाणे सुरू झाली. जून २०२४ मध्ये 'युनिटी' यान निवृत्त झाले. अर्थात, ही उड्डाणे अंतराळाचा उंबरठा शिवून परततात. पृथ्वीभोवती फिरत राहण्यास दर किलोमागे सुमारे तीसपट ऊर्जा लागते, हे विसरू नये.

आपल्याकडे हा मार्ग इस्रोने धरला. चित्रदुर्गजवळ २०२३ आणि २०२४ मध्ये पंखधारी यान तीनदा स्वयंचलितपणे धावपट्टीवर उतरले. दुसऱ्या वेळचाच सांगाडा तिसऱ्यांदा वापरला गेला. २०२० पासून अंतराळक्षेत्र आपल्या खासगी उद्योगांनाही खुले झाले आहे. तेथे जाणाऱ्या तरुणांनी साहस अवश्य करावे. पण चूक होणारच, हे गृहीत धरून यंत्र घडवावे. धाडसाला अशा दक्षतेची जोड मिळाली, तरच गेलेला माणूस सुखरूप घरी परततो.