मोत्याने शिकविलेला धडा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी बँकेत काऊंटरवर बसणारा माणूस. भाषणाची मला सवय नाही. काय बोलू, असे विचारले तेव्हा कार्यकर्ते म्हणाले, "घरचेच काहीतरी सांगा." म्हणून आमच्या मोत्याविषयी बोलतो.

मोत्या आमच्याकडे आला तेव्हा चार वर्षांचा होता. त्याचे सारे आयुष्य एका गोदामामागे साखळीला बांधून गेले होते. गोदाम विकले गेले आणि कुत्रा उघड्यावर पडला. दया आली, म्हणून मी त्याला घरी आणले.

कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली शिरे. छत्री, झाडू, अनोळखी पुरुष, साऱ्यांचेच त्याला भय. पाहुणा दारात दिसला की गुरगुरे. मला वाटले, हा माजला आहे. मी दर वेळी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारू लागलो. महिन्याभरात गुरगुरणे थांबले. मी खूष झालो.

एका रविवारी माझा भाचा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकला आणि मोत्याने चकार आवाज न करता त्याच्या मनगटाचा चावा घेतला. मोत्याला लस टोचलेली होती. तरीही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुतली आणि मुलाला दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. बहीण मात्र सहा महिने आमच्या घरी आली नाही. शेजारी म्हणाले, "सोडून द्या कुठेतरी."

पशुवैद्यांनी मला एकच प्रश्न केला, "गुरगुरल्यावर तुम्ही मारत होता का?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "गुरगुरणे ही त्याची सूचना होती. तुम्ही सूचना बंद केलीत. भीती तशीच राहिली."

पिल्लू साधारण 3 ते 12-14 आठवड्यांचे असते, तेव्हा ते माणसे, आवाज, वस्तू यांना सरावते. अमेरिकेतील स्कॉट व फुलर या संशोधकांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या काळाचे महत्त्व मांडले आहे. मोत्याचा तो काळ साखळीत गेला. तो भरून काढता येत नाही. पण भीती कमी करता येते.

आम्ही एका कोपऱ्यात त्याचे गोणपाट टाकले. तेथे कोणी जायचे नाही, हा घरचा नियम. ओठ चाटणे, उगाच जांभई देणे, मान फिरविणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही त्याची भाषा आम्ही शिकलो. छत्रीवाला माणूस गल्लीच्या टोकाला दिसला, की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. माणूस आधी, खाऊ नंतर. त्याने खाणे नाकारले तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरायचे. असे आठवड्यामागून आठवडे अंतर कमी केले. मुसक्याचीही सवय खाऊ देऊनच लावली. पाहुणे आले की ते घालतो.

आज तीन वर्षे झाली. मोत्या अजूनही सर्वांचा लाडका नाही. मुलांजवळ त्याला आम्ही एकटे सोडत नाही. पण बहीण येते. भाचा दूर बसतो, त्याच्याकडे पाहात नाही. मग मोत्याच त्याच्याजवळ जाऊन पायाशी बसतो.

विद्यार्थी मित्रहो, ज्याचा आवाज आपण बंद केला, त्याचे दुःख संपले असे समजू नका. ही चूक मी केली. तिची किंमत एका लहान मुलाने मोजली. ती तुमच्या हातून होऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.