ताळेबंदातील स्थिर मालमत्ता : आपल्या दुकानाची आणि मोठ्या कंपनीची
(व्याख्यानाचा मजकूर)



कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाने ताळेबंदावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. वाणिज्य शाखेची पदवी घेताना जी तत्त्वे मी पुस्तकात वाचली, त्यांचा अर्थ मला पुढे दुकानातच उलगडत गेला, एवढाच माझा अधिकार. विषय निवडण्याचे कारण मात्र व्यावहारिक आहे. आपल्या घरांतील शिल्लक पूर्वी सोन्यात, जागेत आणि बँकेच्या ठेवीत राहत असे. आता ती शेअर बाजारातही जाते, आणि नेहमीची खरेदी जेथे होते त्या मोठ्या दुकान-कंपन्यांचे समभाग आपण विश्वासाने घेतो. दुकानात गर्दी दिसते, म्हणून कंपनी भक्कम असेल असे आपण मानतो. त्या गर्दीखालची जमीन कोणाची आहे, हे मात्र ताळेबंदच सांगतो.

प्रथम व्याख्या पाहू. विकण्यासाठी आणलेला माल ही चालू मालमत्ता. व्यवसाय चालविण्यासाठी अनेक वर्षे वापरायची वस्तू ही स्थिर मालमत्ता. कपाट माझ्या दुकानात स्थिर मालमत्ता आहे, पण फर्निचरच्या व्यापाऱ्याकडे तेच कपाट माल आहे. म्हणजे वस्तू कोणती यापेक्षा ती कशासाठी ठेवली आहे, यावर तिचे स्थान ठरते. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात आज ‘स्थिर मालमत्ता’ असे एकच शीर्षक आढळत नाही. ‘मालमत्ता, संयंत्र व उपकरणे’, ‘वापर-हक्क मालमत्ता’, ‘अपूर्ण भांडवली काम’ आणि ‘अमूर्त मालमत्ता’ अशा वेगवेगळ्या ओळी असतात. प्रत्येक ओळ वेगळी कथा सांगते.

पहिल्या ओळीत जमीन, इमारत, फर्निचर, वातानुकूलन, संगणक इत्यादी येतात. जमिनीवर घसारा नसतो. बाकी सर्वांवर असतो. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण आयुर्मान दिलेले आहे : आर.सी.सी. इमारतीला ६० वर्षे, फर्निचरला १० वर्षे, साध्या संगणकाला ३ वर्षे. समजा, १० लाख रुपयांचे फर्निचर केले आणि अखेरचे मूल्य ५ टक्के धरले, तर समान हप्त्याने दरवर्षी ९५ हजार रुपये घसारा पडेल. चार वर्षांनी पुस्तकात ६ लाख २० हजार रुपये उरतील. परंतु त्या दिवशी दुकान बंद करावे लागले, तर भिंतीला ठोकलेल्या त्या कपाटांचे काय येईल? बहुधा लाकडाच्या भावाने काहीतरी. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ताळेबंदातील आकडा हा न संपलेला खर्च आहे, बाजारभाव नव्हे.

जमिनीच्या बाबतीत हेच उलट घडते. वीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन बहुतेक कंपन्या खरेदीच्या किमतीलाच दाखवितात. तेथे पुस्तकातील आकडा लहान आणि प्रत्यक्ष मूल्य मोठे असू शकते.

आता दुसरी ओळ, जी वाचकाला सर्वांत जास्त चकविते. १ एप्रिल २०१९ पासून भारतीय लेखा मानक ११६ लागू झाले. तोपर्यंत बहुतेक भाड्याच्या दुकानांचे भाडे केवळ नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसे. आता पुढील वर्षांच्या भाड्याचे आजचे मूल्य काढून ते मालमत्ता म्हणून एका बाजूला आणि देणे म्हणून दुसऱ्या बाजूला दाखवावे लागते. महिना १ लाख रुपये भाडे आणि ५ वर्षांचा करार असेल, तर एकूण भाडे ६० लाख होते. ९ टक्के व्याजदराने त्याचे आजचे मूल्य सुमारे ४८ लाख येते. कंपनीने एक वीटही विकत घेतलेली नाही, तरी मालमत्ता ४८ लाखांनी वाढली! शिवाय वर्षाचे १२ लाख भाडे खर्चातून नाहीसे होते आणि त्याच्या जागी पहिल्या वर्षी सुमारे ९ लाख ६० हजार घसारा व ४ लाख व्याज येते. म्हणजे व्याज व घसाऱ्यापूर्वीचा नफा १२ लाखांनी फुगलेला दिसतो, आणि अखेरचा नफा मात्र थोडा घटतो. खिशातून जाणारे पैसे तेवढेच राहतात. म्हणून २०१९ च्या आधीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना करताना सावध असावे.

दोन उदाहरणे घेऊ. ‘डी-मार्ट’ चालविणाऱ्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सने २००२ साली मुंबईत पवई येथे पहिले दुकान उघडले. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची घ्यायची, हे तिचे धोरण. त्यामुळे तिच्या स्थिर मालमत्तेत जमीन व इमारतींचा वाटा मोठा आहे. या मार्गाने भांडवल अडकते आणि विस्तार सावकाश होतो. पण भाडेवाढीची टांगती तलवार राहत नाही.

दुसरे उदाहरण ‘बिग बझार’च्या फ्युचर रिटेलचे. तिची दुकाने प्रामुख्याने भाड्याच्या जागांत होती. कर्ज वाढले, भाडी थकली, अनेक जागांचे भाडेपट्टे रिलायन्स समूहाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२२ पासून शेकडो दुकाने कंपनीच्या हातून निसटली. जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२४ साली कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. जागेचा हक्क गेला की तेथील सजावटीचे मूल्यही उरत नाही, हा धडा समभागधारकांना फार महाग पडला.

याचा अर्थ भाड्याचे दुकान वाईट, असा मुळीच नाही. भाड्याने जागा घेऊन उत्तम व्यापार करणाऱ्या पेढ्या आपण पाहतोच. प्रश्न एवढाच, की भाडे देऊनही हातात काही उरते काय, आणि वाईट वर्षात ते देण्याची ताकद आहे काय.

तेव्हा वार्षिक अहवाल हाती आल्यावर चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. एक, स्थिर मालमत्तेत जमीन-इमारत किती आणि फर्निचर व भाड्याच्या जागेतील सुधारणा किती. दोन, वापर-हक्क मालमत्तेसमोर भाडेपट्ट्याचे देणे किती. ते कर्जातच मोजावे. तीन, अपूर्ण भांडवली काम किती जुने आहे. २०२१-२२ या वर्षापासून त्याचे वयानुसार विवरण देणे बंधनकारक आहे. तीन वर्षांहून जुन्या रकान्यात मोठा आकडा असेल, तर दुकान का उघडले नाही हे विचारावे. चार, स्थावर मिळकतीची कागदपत्रे कंपनीच्याच नावावर आहेत काय. त्याचा खुलासा टिपांमध्ये व लेखापरीक्षकांच्या अहवालाच्या परिशिष्टात मिळतो. विक्री भागिले स्थिर मालमत्ता हे गुणोत्तरही उपयुक्त आहे. मात्र मालकीच्या जागेची कंपनी आणि भाड्याच्या जागेची कंपनी एकाच तराजूत तोलू नयेत.

आपल्या तरुण मित्रांना शेवटी एवढेच सांगेन. मॉलमध्ये नवे दुकान घेण्यापूर्वी सजावटीचा खर्च कराराच्या वर्षांनी भागून पाहा, त्यात भाडे मिळवा, आणि मगच सही करा. गिऱ्हाइकाला काचेचा दर्शनी भाग दिसतो. धनी म्हणविणाऱ्याने त्याखालचा पाया स्वतः तपासला पाहिजे.