मुलांची चित्रं, मुलांची पुस्तकं
(मंडळाच्या बालचित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेलं भाषण)



बक्षिसं वाटून झाली. आता थोडं आम्हा परीक्षकांबद्दल सांगायचं आहे.

गेल्या वर्षी आम्ही मुलांना गणपतीचं छापील चित्र रंगवायला दिलं. ज्यांचा रंग रेषेबाहेर गेला नाही, त्यांना जास्त गुण दिले. एका मुलीने मात्र कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पानभर हिरवा उंदीर काढला आणि त्याच्या पाठीवर अंगठ्याएवढा बाप्पा बसवला. ‘विषय सोडून’ असा शेरा मारून आम्ही ते चित्र बाजूला ठेवलं. नंतर सहज विचारलं, तर ती म्हणाली, “बाप्पाला एवढं फिरवायचं, तर उंदीर मोठाच पाहिजे ना? आणि तो भाताच्या शेतातून आलाय, म्हणून हिरवा.” आमच्याकडे उत्तर नव्हतं. यंदा ती स्पर्धेला आली नाही.

मंडळी, आपला बाप्पा म्हणजे आईने अंगाच्या मळापासून घडवलेला मुलगा. त्याला डोकं हत्तीचं आणि वाहन उंदराचं. एवढी मोठी कल्पना आपण पिढ्यान् पिढ्या पूजतो. बाप्पा कधी सिंहासनावर, कधी शेतकऱ्याच्या वेशात, कधी पाळण्यात चालतो. आपल्या मुलाने मात्र शेजारच्या मुलासारखंच असावं, असं आपल्याला वाटतं.

चूक सुधारावी म्हणून यंदा आम्ही कोरे कागद दिले. तर निम्मी मुलं दहा मिनिटं नुसती बसून होती. “काका, काय काढू?” शेवटी बहुतेकांनी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी काढली. दोष मुलांचा नाही. ज्याने वेगवेगळी चित्रं पाहिलीच नाहीत, त्याच्या हातून वेगळं येणार कुठून? म्हणून आज चित्रांच्या पुस्तकांविषयी बोलतो.

मराठीत अशी पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे गोष्ट स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. ‘राधाचं घर’मध्ये छोटी राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. ‘बाबांच्या मिशा’मध्ये अनूला वडिलांच्या मिशांचं भारी कौतुक. ही मुलं आदर्श बालक नाहीत, आपल्या घरातल्यासारखीच आहेत. पुरंदरे यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर तर मराठी चित्रपुस्तकं मोबाइलवर फुकट वाचता येतात.

आणि आपल्या या भूमीचं काय? किलवणीच्या आसपासच्या पाड्यांवर वारली घरांच्या भिंती पाहा. गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, दोन त्रिकोण जोडले की माणूस उभा. तिकडे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली. रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आदी वारली चित्रकारांच्या चित्रांचं ‘डू!’ नावाचं पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं. पानावर एकच क्रियापद आणि ते करणारी कितीतरी माणसं, जनावरं, पाखरं. अक्षर न येणाऱ्या मुलालाही ते वाचता येतं. त्याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, पानं-बिया हाताशी घेऊन आदिवासी मुलांना शिकवलं. म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही, शेजारचाच आहे.

आणखी एक काळजी आहे. नोकरी-धंद्यासाठी आपण इथे आलो. मुलं इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. गावाहून आजी येते, तिला नातवाचं पुस्तक वाचता येत नाही आणि नातवाला तिची पोथी. पण दोघांच्या मधे चित्रांचं पुस्तक उघडलं, तर आजी बोलू लागते, “हे बघ, असलंच जातं आमच्याकडे होतं.” नातू विचारू लागतो. घरातली मराठी अशीच टिकेल, नुसत्या भाषणांनी नाही.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या आहेत. एक, यंदाच्या वर्गणीतून आरासेचा खर्च थोडा कमी करून पेटीभर चित्रपुस्तकं घ्यावीत. पेटी दर महिन्याला एकेका सभासदाच्या घरी राहील. दोन, गोष्ट संपल्यावर मुलांना “तात्पर्य काय?” असं विचारू नये. “तुला कुठलं पान आवडलं?” एवढंच विचारावं. तीन, पुढच्या वर्षी छापील चित्र नको आणि रेषेबाहेर गेला म्हणून गुण कापणं तर नकोच.

त्या मुलीच्या घरी आम्ही उद्या जाणार आहोत. तिचा हिरवा उंदीर आम्ही जपून ठेवला आहे. तिची परवानगी मिळाली, तर विसर्जनापर्यंत तो बाप्पाच्या मखराशेजारी लावू.

गणपती बाप्पा मोरया!