रस्ता बंद झाला की कोणाचा?

मोर्चा निघाला, रस्ते अडले की ‘लोकांचे हाल’ अशी ओरड होते. पण हाल सगळ्यांचे सारखे नसतात. मोटारवाला घरी थांबतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मात्र खाडा धरला जातो. बस अलीकडेच थांबली, तर उरलेली वाट तिने अंधारात पायी तुडवायची.

म्हणून मोर्चेच नकोत, असे आपण म्हणायचे का? मार्च २०१८ आठवा. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत शेतकरी मुंबईत आले. त्यांत आदिवासी बाया मोठ्या संख्येने होत्या. कित्येकींच्या पायांना फोड आले होते. १२ मार्चला दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण नको, म्हणून ही माणसे सोमय्या मैदानावरून रातोरात चालत आझाद मैदानात पोहोचली.

म्हणजे मोर्चातली बाई आणि कामावर निघालेली बाई एकमेकींच्या वैरिणी नाहीत. रस्ता बंद करताना बस कुठवर जाईल, परतीची सोय काय, बायकांसाठी संडास-मुतारी कुठे उघडी, हे आधी सांगणे शासनाचे काम आहे. ते आपण दोघींसाठीही मागू या.